दुसऱ्या शाखेत चव का बिघडते?

कारंजा लाड हे येत्या-जात्या माणसांचे गाव. नृसिंह सरस्वतींच्या जन्मस्थानामुळे गुरुमंदिरात बाराही महिने यात्रेकरू येतात, आणि डिसेंबर २०२२ पासून समृद्धी महामार्गाची वाहने शहराजवळून धावतात. अशा गावात नावाजलेल्या जुन्या हॉटेलवाल्याला दुसरी शाखा काढावीशी वाटणे साहजिक आहे. पण पाटी तीच असूनही पाटोडीचा रस्सा आणि आलूबोंडा तसा लागत नाही, तेव्हा गिऱ्हाईक मनापासून दुखावते. यामागे दरवेळी लबाडी असते असे नाही. बरीचशी कारणे भटारखान्यातच सापडतात.

अंदाज हातातच राहतो

जुना आचारी तिखट मुठीने घालतो आणि मसाला वासावरून उतरवतो. त्याचे माप कुठे लिहिलेले नसते. नव्या शाखेत साहित्याची यादी पोचते, हात पोचत नाही. कचोरीच्या पिठात मोहन थोडे कमी-जास्त झाले तरी पापुद्रा चिवट होतो किंवा फुटतो.

पाणी आणि आच

कारंजा ज्यात येते, त्या वाशीम जिल्ह्याची जमीन बेसाल्ट खडकाची. बोअरच्या पाण्यात कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असले, तर डाळ लवकर गळत नाही आणि वरण एकजीव होत नाही. मूळ दुकान नळाच्या पाण्यावर आणि शाखा बोअरवर चालत असेल, तर फरक पडणारच. शेगडी बदलली की रश्श्याची तर्रीही बदलते.

खप नसला की ताजेपणा नाही

जुन्या दुकानात एक घाणा उतरतो तोच संपतो. नव्या जागी गिऱ्हाईक तुरळक, म्हणून सकाळचा माल दुपारी पुन्हा तळला जातो आणि कढईतले तेल तसेच राहते. तेलातील ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांवर गेली, की ते तेल वापरू नये, असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम जुलै २०१८ पासून आहे.

यादी लांबते

मोठे भाडे भरून काढण्यासाठी शाखेत पावभाजी, नूडल्स, पनीर असे सगळे येते. मग ज्या दोन पदार्थांवर नाव झाले, त्यांच्याकडेच लक्ष कमी पडते.

शेगावचे उदाहरण

फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या तीरथराम शर्मा यांनी शेगावच्या रेल्वे स्थानकावर कचोरी विकायला सुरुवात केली. आज ‘शेगाव कचोरी’ ही पाटी विदर्भाबाहेरही दिसते, पण चव दुकानागणिक वेगळी. नाव दूर जाते, चवीला मात्र प्रत्येक ठिकाणी नव्याने उभे राहावे लागते.

मालकाने काय करावे

देशात कापसाच्या बाजाराला पहिल्यांदा नियम लागले, ते १८८६ साली याच कारंज्यात. मापाची ही शिस्त भटारखान्यातही आणावी. मसाला ग्रॅममध्ये लिहावा आणि एकाच जागी कुटून दोन्हीकडे पाठवावा. नव्या आचाऱ्याला आधी जुन्या भट्टीवर उभे करावे. सुरुवातीला मोजकेच पदार्थ ठेवावेत आणि मालकाने रोज स्वतः चाखावे.

गिऱ्हाइकाने काय करावे

‘पहिल्यासारखे राहिले नाही’ एवढे म्हणून निघून जाऊ नये. मीठ जास्त, डाळ कच्ची, तेल जुने, असे नेमके गल्ल्यावर सांगावे. नेमकी तक्रार दुरुस्त करता येते. न बोलता गेलेले गिऱ्हाईक परत आणता येत नाही.