गळका गिअर-बॉक्स : डागडुजी की संपूर्ण बांधणी?

गळके माप कोणताही व्यापारी आपल्या पेढीवर ठेवीत नाही. गळके वाहन मात्र आपण वर्षानुवर्षे चालवितो. गोदामात गाडीखाली तेलाचा डाग दिसला की त्यावर जुने पोते टाकावयाचे आणि महिन्याकाठी वंगण भरावयाचे, एवढ्यावर पुष्कळांचे समाधान होते. या विषयी हिशेबी दृष्टीने चार शब्द सभासद बंधुभगिनींपुढे ठेवावेत, असे आम्हांस वाटते.

प्रथम गळतीचे गणित पाहू. मिनिटाला एकच थेंब पडला, तरी अहोरात्रात १४४० थेंब होतात. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरल्यास ७२ मिलिलिटर, आणि चौदा दिवसांत एक लिटर! गिअर-बॉक्समध्ये मुळात तेल असते ते मोजक्या लिटरांचेच. ते उतरले की दाते व बेअरिंग कोरडी घासू लागतात. शिवाय तेलाचा तो डाग धान्याच्या राशीजवळ पडला, तर माल बिघडतो तो वेगळाच.

गळतीचे कारण मात्र नेहमी मोठे असतेच असे नाही. ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. अशा तापात रबरी ऑइल सील कडक होतात आणि पातळ झालेले तेल बारीक फटीतूनही वाट काढते. गिअर-बॉक्समधील हवा बाहेर पडण्यासाठी वर एक लहानसा मार्ग असतो. तो धुळीने बुजला, तर आतील दाब तेलास सीलबाहेर लोटतो. अशा वेळी तो मार्ग साफ करावा, सील बदलावे. एवढ्याने काम भागते.

तथापि नवे सील थोड्याच दिवसांत पुन्हा गळू लागले, तर दोष सीलचा नव्हे असे समजावे. बेअरिंग झिजले की शाफ्ट डगमगतो, आणि डगमगत्या शाफ्टवर कोणतेही सील टिकत नाही.

आमचे वास्तव्य सिटी सेंटरमध्ये आणि पेढी दालबाजारात. आमच्या मालवाहू टेम्पोने चार लाख किलोमीटर ओलांडले, तेव्हा हाच प्रश्न उभा राहिला. मोहरीची आवक तोंडावर आली होती. एक मिस्त्री म्हणे, "शेटजी, सील टाकून घ्या." दुसरा म्हणे, "सगळे गिअर नवे घाला." आम्ही दोघांसही तीन गोष्टी विचारल्या. गाडी उभी असता, न्यूट्रलमध्ये येणारी घरघर क्लच दाबताच थांबते काय? मागील शाफ्ट हाताने हलविल्यास खेळतो काय? काढलेल्या तेलात काय सापडते?

घरघर थांबत होती. म्हणजे इनपुट शाफ्टच्या बेअरिंगवर संशय जात होता. मागील शाफ्ट किंचित खेळत होता. तेलात करड्या रंगाचा मऊ गाळ होता, तो जुन्या गाडीत असावयाचाच; परंतु पोलादाचे तुकडे किंवा पितळेची चमक नव्हती. यावरून दाते व सिंक्रोनायझर कड्या शाबूत असाव्यात, असे ठरले. गिअर-बॉक्स उतरविला, उघडून खात्री केली, सर्व बेअरिंग व सील बदलली. गिअर तेच ठेविले. हंगाम निर्विघ्न पार पडला.

येथे एक व्यावहारिक गोष्ट ध्यानात घ्यावी. गिअर-बॉक्स उतरविण्याचीच मजुरी मोठी असते. ती पाच रुपयांच्या वस्तूसाठीही तेवढीच आणि पाच हजारांच्या वस्तूसाठीही तेवढीच. यास्तव एकदा तो खाली आला की सील, बेअरिंग आणि तेलाने भिजली असल्यास क्लच प्लेट, सर्व एकाच वेळी करून घ्यावे.

संपूर्ण बांधणी केव्हा? तेलात धातूचे कण चमकू लागले, गिअर पडताना दाते कर्कश वाजू लागले, किंवा चालत्या गाडीत गिअर आपोआप सुटू लागला, म्हणजे विलंब करू नये. भरलेली गाडी उतारावर गिअरमधून सुटली, तर इंजिनाचा रोध नाहीसा होऊन सारा भार ब्रेकवर येतो. तेथे प्रश्न पैशाचा नसून चालकाच्या प्राणाचा असतो.

कोणी म्हणेल, जुनी गाडी काढून मेळ्यातून नवी का घेऊ नये? इ. स. १९०५ साली माधवराव शिंदे यांनी सुरू केलेल्या आपल्या मेळ्यात, शासन वाहनकरात सवलत देते त्या वर्षी, मोह होणे स्वाभाविक आहे. परंतु इंजिन, चौकट व सांगाडा धड असेल, तर बांधणीचा खर्च नव्या गाडीच्या हप्त्यांशी ताडून पाहावा. इंजिनही थकले असेल, तर मात्र गिअर-बॉक्सवर पैसा घालणे व्यर्थ होय.

काम देताना खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा, काढलेले भाग परत मागावेत, आणि तेल उत्पादकाने सांगितलेल्या प्रतीचेच भरावे. गळतीची पहिली वार्ता बहुधा चालकच आणतो. ती त्याची कुरकुर समजू नये, त्याच दिवशी गाडीखाली वाकून पाहावे.