न्याय व दया, हिब्रू प्रेषितांच्या विचारातील

राष्ट्रांच्या कृत्यांचा ईश्वराकडून होणारा न्याय आणि पश्चात्ताप करणाऱ्या राष्ट्रांवर होणारी त्याची दया यांविषयी बायबलच्या जुन्या करारातील प्रेषितांनी मांडलेला विचार. इ. स. पू. आठव्या शतकातील आमोस याने इझ्राएल व यहूदा यांच्याबरोबरच दमास्कस, गाझा, अम्मोन, मोआब इ. शेजाऱ्यांनाही युद्धातील क्रौर्य, माणसांची विक्री यांसारख्या गुन्ह्यांबद्दल दोषी ठरविले. निवडलेली प्रजा म्हणून इझ्राएलला सूट नाही. उलट त्याची जबाबदारी अधिक आहे, अशी त्याची भूमिका होती.

न्याय सर्वांना सारखा असेल, तर क्षमेचा मार्गही सर्वांना खुला असावयास हवा. यिर्मयाने (इ. स. पू. सातवे–सहावे शतक) हे कुंभाराच्या दृष्टांताने स्पष्ट केले. चाकावर बिघडलेल्या भांड्याच्या मातीतून कुंभार दुसरे भांडे घडवितो. त्याप्रमाणे नाशाचा इशारा मिळालेले राष्ट्र दुष्कृत्यांपासून परतले, तर ईश्वर योजिलेले अरिष्ट टाळतो. भरभराटीचे आश्वासन मिळालेले राष्ट्र दुर्वर्तनी झाले, तर ते आश्वासनही मागे घेतो. प्रेषिताचे भाकीत हे अटळ विधिलिखित नसून इशारा होय, असा याचा अर्थ. पश्चात्तापासाठी योजिलेल्या ‘शूब’ या हिब्रू धातूचा मूळ अर्थ ‘मागे वळणे’ असा असून त्यात शोकापेक्षा आचरणातील बदलाला महत्त्व आहे.

या तत्त्वाची कठोर कसोटी योनाच्या ग्रंथात दिसते. बहुतेक अभ्यासक त्याची रचना इ. स. पू. पाचव्या–चौथ्या शतकांतील मानतात. त्यातील निनवे हे नगर ॲसिरियाची राजधानी म्हणून प्रसिद्ध होते आणि ॲसिरियानेच इ. स. पू. ७२२ च्या सुमारास समेरिया जिंकून इझ्राएलचे उत्तरेकडील राज्य नष्ट केले होते. अशा शत्रूकडे जाणे टाळून योना समुद्रमार्गे पळतो; अखेर तेथे जाऊन चाळीस दिवसांत नगराचा नाश होईल, असे घोषित करतो. राजासह सर्व नागरिक उपवास करून अत्याचार सोडतात आणि अरिष्ट टळते. यावर योना संतापतो. त्याला सावली देणारी वेल वाळते, तेव्हा ईश्वर विचारतो, की तुला वेलीची कीव येते, तर लाखाहून अधिक अजाण माणसे व असंख्य जनावरे असलेल्या नगराची कीव मी का करू नये? येथेच ग्रंथ संपतो. योनाचे उत्तर दिलेले नाही. निनवेच्या या पश्चात्तापाला ॲसिरियन साधनांत दुजोरा मिळत नाही. म्हणून अनेक अभ्यासक या ग्रंथाला बोधकथा मानतात.

याच्या अगदी उलट सूर नहूमच्या ग्रंथात आढळतो. बॅबिलोनियन व मीड यांनी इ. स. पू. ६१२ मध्ये केलेला निनवेचा विध्वंस त्याला न्याय्य वाटतो. ईश्वर मंदक्रोध आहे, पण अपराध्यास मोकळे सोडत नाही, हे पारंपरिक वचन दोन्ही ग्रंथांच्या मुळाशी आहे. योनाने त्यातील दया व नहूमने दंड पुढे आणला. न्यायाविना दया पीडितांना विसरते व दयेविना न्याय सुधारण्याची वाट बंद करतो. बारा लघू प्रेषितांच्या एकाच संग्रहात हे दोन्ही ग्रंथ ठेवल्याने हा ताण कायम राहिला आहे. प्रायश्चित्ताच्या ‘योम किप्पूर’ या दिवशी दुपारच्या प्रार्थनेत ज्यू लोक योनाचा ग्रंथ वाचतात. शत्रूच्या पश्चात्तापाची ही कथा अशा रीतीने त्यांच्या स्वतःच्या आत्मपरीक्षणाचे साधन बनली आहे.