काजूखालची पिकनिक आणि हुमले

एप्रिल-मे म्हणजे गोव्यात पिकलेल्या बोंडूंचा वास आणि झाडाखालच्या पिकनिका. चटई पसरायची, चोरिस-पावाचा डबा उघडायचा. सोबत तीन-चार वर्षांची पोरं असली, की दहा मिनिटांत एक तरी किंचाळतंच. हुमले!

'तांबड्या मुंग्या' म्हणून आपण मोकळे होतो, पण साखरेच्या डब्यात शिरणारी मुंगी वेगळी आणि हुमला वेगळा. हुमला झाडावर राहतो आणि पानांचं घर शिवतो. शिवतो म्हणजे अक्षरशः. कामकरी मुंग्या ओळीने उभ्या राहून दोन पानांच्या कडा एकमेकींकडे ओढतात. मधलं अंतर जास्त असेल, तर एकीने दुसरीची कंबर धरून साखळी होते. मग आणखी काही जणी आपल्या अळ्या तोंडात धरून आणतात. रेशीम निघतं ते अळीच्या तोंडातून. मोठ्या मुंगीला ते काढता येत नाही. विणकर मागावर धोटा फिरवतो, तशी ती अळी या पानावरून त्या पानावर फिरते आणि घर तयार! अशी अनेक घरटी मिळून एक वसाहत, आणि ती पाच-दहा झाडांवरही पसरलेली असू शकते.

म्हणजे आपण चटई अंथरतो ती बहुतेक वेळा त्यांच्या वाटेवरच. मोठी माणसं बसून राहतात. पोरं मात्र खालची फांदी हलवतात, बुंध्याला हात लावतात. फांदी हलली की हुमल्यांच्या दृष्टीने तो घरावरचा हल्ला. हुमल्याला नांगी नसते. तो जबड्याने कातडी धरतो आणि पोटाच्या टोकातून त्या जखमेवर फॉर्मिक आम्ल सोडतो. या आम्लाचं नावच मुळी मुंगीच्या लॅटिन नावावरून, 'फॉर्मिका'वरून आलंय.

गेल्या मे महिन्यात आमच्या पिकनिकला धाकट्या चुलतभावाच्या मानेवर आठ-दहा हुमले चढले. रडून रडून तो लालबुंद. जेवण राहिलं बाजूला, सगळी आवराआवर सुरू. अंकल इतके तापले की काठीला चिंधी बांधून रॉकेल शोधायला लागले, घरटं जाळतो म्हणाले. शामायने काठीच काढून घेतली. "हुमले आसात म्हणून काजू आसात," एवढंच म्हणाली.

शामायचं खरं होतं. काजूचा मोठा शत्रू म्हणजे ढेकण्या. हा किडा कोवळ्या पालवीतला, मोहोरातला रस शोषतो आणि फुटवे काळे पडून वाळतात. हुमले झाडावर फिरून अशा किड्यांची शिकार करतात. दक्षिण चीनमध्ये चौथ्या शतकापासून लोक यांची घरटी विकत घेऊन संत्र्या-मोसंब्यांच्या झाडांवर टांगत आलेत. ओडिशात तर मयूरभंजच्या लोकांनी त्यांची चटणी केली. त्या 'काई चटणी'ला 2024 साली जीआय मानांकनही मिळालं. (अंकलना हे सांगितलं, तर ते म्हणाले, मग वाटा आणि आणा!) शिवाय एक घरटं जाळून वसाहत संपत नाही; राणी भलत्याच घरट्यात असू शकते. आणि मे महिन्यात खाली वाळलेल्या पानांचा ढीग असताना रॉकेल पेटवणं हा तर वेडेपणाच.

त्यामुळे चटई पसरण्याआधी वर बघायचं. हिरव्या किंवा वाळून तपकिरी झालेल्या पानांचा गोळा दिसला, बुंध्यावर तांबडी रांग दिसली, की पुढचं झाड बघायचं. चावलेच, तर पोराला आधी झाडापासून लांब न्यायचं, कपडे काढून झटकायचे, चिकटलेला हुमला चिमटीने उचलायचा. चोळायचं नाही. साबण-पाण्याने धुऊन वर थंड फडकं ठेवायचं. आम्ल डोळ्यात गेलं, तर नुसत्या पाण्याने बराच वेळ धुऊन लगेच डॉक्टरला दाखवायचं. ओठ सुजले, धाप लागली किंवा अंगभर गांधी उठल्या, तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, गाडी थेट इस्पितळाकडे.