विक्री की परवानगी?

मोल दिले, माल घेतला, व्यवहार पुरा झाला, ही बाजाराची जुनी रीत आहे. व्हिडिओ गेमच्या धंद्याने ती उघडपणे न बोलता मोडली आहे. दर्शनी भागावर ‘विकत घ्या’ असे लिहावयाचे आणि करारनाम्यात मात्र ही केवळ वापरण्याची परवानगी असून ती केव्हाही काढून घेता येईल, असे नमूद करून ठेवावयाचे, असा हा मामला आहे.

युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने २०१४ साली ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ बाजारात आणला. तो एकट्याने खेळावयाचा असला तरी कंपनीच्या सर्व्हरशी जोडणी अपरिहार्य होती. ३१ मार्च २०२४ रोजी ते सर्व्हर बंद झाले आणि रोख पैसे मोजून घेतलेला खेळ निरुपयोगी झाला. सर्व्हर अखंड चालविणे खर्चाचे आहे, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु एकट्याच्या खेळालाही सर्व्हरचे दावे बांधावयाचे कशासाठी? जुना खेळ ग्राहकाच्या हाती टिकला तर नव्याला गिऱ्हाईक कमी, हा हिशेब समजण्यास अर्थशास्त्राची पदवी नको.

हा पोरांच्या करमणुकीचा प्रश्न म्हणून सोडून देण्याजोगा नाही. विकलेल्या वस्तूवर विकणाराचा ताबा किती काळ चालावा, हा प्रश्न शेतीतही उभा राहिला होता. तेथे आपल्या संसदेने २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण कायद्यात स्पष्ट उत्तर दिले. वाशीम जिल्ह्यातील केनवडच्या शेतकऱ्याने संरक्षित वाणाचे सोयाबीन पेरले, तरी घरच्या पिकातून बियाणे राखण्याचा, पुन्हा पेरण्याचा व शेजाऱ्यास देण्याचा त्याचा हक्क अबाधित आहे. त्या वाणाच्या नावाची छाप मारून मात्र ते त्याला विकता येत नाही. संशोधकाचे श्रेय राहिले आणि शेतकऱ्याचे स्वातंत्र्यही राहिले.

त्याच शेतकऱ्याच्या मुलाने मोबाइलवर घेतलेल्या खेळाला असे संरक्षण नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने सबळ कारणावाचून एकतर्फी करार संपविण्याची मुभा देणारा करार ‘अनुचित’ ठरविता येतो हे खरे. पण ती दाद जिल्हा आयोगाकडे मागता येत नाही, राज्य आयोगाकडेच जावे लागते. काहीशे रुपयांच्या खेळासाठी इतका खटाटोप कोण करणार?

कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५ पासून, परवानगीला ‘विक्री’ म्हणावयाचे असेल तर खरी वस्तुस्थिती ग्राहकास आधी सांगणे बंधनकारक झाले आहे. युरोपात दहा लाखांहून अधिक नागरिकांनी, खेळ बंद करताना तो खेळण्याजोगा ठेवावा, अशी मागणी सह्यांनिशी केली आहे. या दोन्ही गोष्टी आपल्या कायद्यात याव्यात आणि अशा लहान तक्रारी जिल्ह्यातच ऐकल्या जाव्यात. सर्व्हर कायमचे चालवा, असे कोणीच म्हणत नाही. विकलेली वस्तू परत हिसकावून घेऊ नका, एवढीच मागणी आहे आणि ती न्याय्य आहे.