दारूगोळ्याचा ताबा आणि संगणकातली नोंद : गैरसमज आणि वस्तुस्थिती

वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावच्या केंद्रीय दारूगोळा डेपोला सगळे ‘सीएडी’ म्हणूनच ओळखतात. देशातल्या सर्वांत मोठ्या दारूगोळा साठ्यांत त्याची गणना होते. आयुध निर्माण्यांतून माल इथे येतो, तपासला जातो, साठवला जातो आणि पुढे लहान डेपोंना व तुकड्यांना दिला जातो. मुदत संपलेला माल नष्टही करावा लागतो. प्रत्येक टप्प्यावर मालाचा ताबा बदलतो आणि त्याची नोंद एका प्रणालीतून दुसऱ्या प्रणालीत जाते. ताबा बदलण्याच्या या सांध्यावरच सर्वांत जास्त काळजी घ्यावी लागते, आणि नेमके त्याविषयीच गैरसमज फार आहेत.

गैरसमज १ : सैन्याचा सगळा हिशेब एकाच मोठ्या संगणकात असतो.

वस्तुस्थिती : निर्माणी, डेपो, वाहतूक आणि तुकडी यांचे काम वेगळे, म्हणून त्यांच्या नोंदीही वेगळ्या. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ४१ आयुध निर्माण्यांच्या सात सरकारी कंपन्या झाल्या. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातली भद्रावतीची चांदा निर्माणी आता पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडियाकडे आहे. डेपो मात्र लष्कराचा. म्हणजे निर्माणीतून डेपोत येणारा माल एका संस्थेच्या हिशेबातून उतरून दुसऱ्या संस्थेच्या हिशेबात चढतो. या प्रणाली एकमेकींशी जोडता येतात. पण जोडणी झाली म्हणून त्या एक होत नाहीत.

गैरसमज २ : दोन्हीकडे तीच माहिती दिसते, म्हणजे जबाबदारीही दोघांची.

वस्तुस्थिती : माहिती कितीही ठिकाणी दिसू शकते, ती बदलण्याचा अधिकार एका वेळी एकाकडेच हवा. एखादी तुकडी मोहिमेवर गेली आणि तिच्या साठ्याची जबाबदारी तिथल्या प्रणालीकडे सोपवली, की मुख्य तळावरच्या प्रणालीने ती नोंद फक्त वाचायची असते. तुकडी परतली की अधिकार रीतसर परत घ्यायचा. दोघांनीही नोंद बदलली, तर एकच लॉट, म्हणजे एकत्र तयार झालेल्या मालाचा गट, दोनदा मोजला जातो. दोघांनीही ‘त्यांच्याकडे आहे’ असे गृहीत धरले, तर तो कुणाच्याच देखरेखीखाली राहत नाही. दारूगोळ्याच्या बाबतीत यातली दुसरी चूक जास्त भयंकर आहे.

गैरसमज ३ : पाठवणाऱ्याने नोंद पाठवली की जबाबदारी संपली.

वस्तुस्थिती : घेणाऱ्याने माल स्वीकारल्यावर ती संपते. खरेदीखत झाले तरी फेरफार मंजूर होईपर्यंत सातबाऱ्यावर जुनेच नाव असते, तसेच इथेही आहे. माल डेपोतून निघाला आणि अजून पोहोचला नाही, या मधल्या काळासाठी ‘वाटेत’ अशी वेगळी स्थिती लागते आणि त्या स्थितीलाही एक जबाबदार अधिकारी लागतो.

१९९१ च्या आखाती युद्धात अमेरिकेने ४० हजारांहून अधिक कंटेनर पाठवले. त्यांतल्या सुमारे निम्म्यांत काय आहे, हे कळण्यासाठी ते उघडावे लागले. माल पोहोचला होता, पण त्याची नोंद त्याच्याबरोबर पोहोचली नव्हती.

गैरसमज ४ : पोच मिळाली की शंभर टक्के खात्री.

वस्तुस्थिती : संगणकशास्त्रात ‘दोन सेनापतींचा प्रश्न’ प्रसिद्ध आहे. १९७५ मध्ये तो मांडला गेला आणि १९७८ मध्ये जिम ग्रे यांच्या लेखनातून त्याला हे नाव मिळाले. निरोप हरवू शकत असेल, तर त्याची पोचही हरवू शकते आणि पोचेची पोचही. अशा वाटेवर कितीही निरोप धाडले, तरी दोघांचे एकमत झाल्याची पूर्ण खात्री होत नाही, हे सिद्ध झाले आहे. म्हणून चांगली प्रणाली प्रत्येक हस्तांतराला स्वतंत्र क्रमांक देते. पोच आली नाही, तर तोच निरोप पुन्हा पाठवते आणि तो दोनदा पोहोचला तरी साठ्यात एकदाच धरते. त्यातूनही जी हस्तांतरे अर्धवट राहतात, त्यांची यादी रोज माणसाने पाहावी लागते.

गैरसमज ५ : आकडा जुळला की हिशेब जुळला.

वस्तुस्थिती : महालेखापरीक्षकांच्या २०१५ च्या अहवालाने दाखवले की ४० दिवसांच्या युद्धसाठ्याचे उद्दिष्ट असताना, मार्च २०१३ मध्ये सुमारे निम्म्या प्रकारांचा दारूगोळा दहा दिवसांनाही पुरणारा नव्हता. साठा इतका कमी असताना एका लॉटची चूकही महागात पडते. पण आकडा बरोबर असूनही धोका उरतोच.

३१ मे २०१६ च्या पहाटे पुलगाव डेपोत आग भडकली. दोन अधिकाऱ्यांसह किमान १६ जण गेले. त्यांत आग विझवायला धावलेले अग्निशमन कर्मचारी मोठ्या संख्येने होते. रणगाडाविरोधी सुरुंगांतून स्फोटक पाझरत होते, असे तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी नंतर सांगितले. असे सुरुंग नगाच्या हिशेबात पूर्ण भरतात. म्हणून नगांबरोबर लॉट क्रमांक, उत्पादनाचे वर्ष, टिकण्याची मुदत, शेवटच्या तपासणीचा निष्कर्ष आणि दोषाचे शेरे हस्तांतरित व्हायलाच हवेत. दोषाचा शेरा जुन्या प्रणालीत राहिला, तर नव्या ताबेदाराला मिळते ती अपुरी नोंद.

गैरसमज ६ : ही सगळी संगणकवाल्यांची बाब आहे.

वस्तुस्थिती : २० नोव्हेंबर २०१८ रोजी पुलगावजवळच्या सोनेगाव आबाजी इथे जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या मैदानावर स्फोट होऊन सहा जणांचा बळी गेला. माल जबलपूरजवळच्या खमरिया आयुध निर्माणीचा, मैदान डेपोचे आणि उतरवून घ्यायला कंत्राटी मजूर. तीन व्यवस्था एका ट्रकभोवती एकत्र येतात, तेव्हा या क्षणी देखरेख कुणाची आणि काम थांबवण्याचा अधिकार कुणाला, याचे उत्तर तिथल्या मजुरालाही ठाऊक हवे. हे उत्तर सॉफ्टवेअर स्वतःहून शोधत नाही. अधिकाऱ्यांनी आधी ते ठरवून लेखी दिले, तरच प्रणाली त्याची अंमलबजावणी करू शकते.

म्हणूनच अशा कोणत्याही नव्या प्रणालीला पुढचे प्रश्न विचारायला हवेत : या घडीला हा लॉट कुणाच्या नावावर आहे? त्या व्यक्तीने तो डोळ्यांनी पाहून स्वीकारला आहे का? त्याच्या दोषांची नोंद सोबत आली आहे का? तिन्ही उत्तरे मिळेपर्यंत जुन्या ताबेदाराचे नाव उतरता कामा नये. या नियमाने काम थोडे संथ होईल. पण डेपोच्या कुंपणाला लागून शेती करणाऱ्या गावांच्या सुरक्षिततेसाठी तेवढा वेळ दिलाच पाहिजे.