एक कॉम्प्युटर, चार माणसं आणि परवलीचा शब्द

बायबलच्या जुन्या करारात, 'शास्ते' या पुस्तकाच्या 12व्या अध्यायात, यार्देन नदीच्या उतारावर उभे असलेले गिलादी लोक पळून जाणाऱ्या माणसाला 'शिब्बोलेथ' म्हणायला लावतात. ज्याच्या तोंडून 'सिब्बोलेथ' निघतं तो एफ्राइमी, म्हणून पकडला जातो. अशा शब्दाला मराठीत आपण परवलीचा शब्द म्हणतो. कॉम्प्युटरचा पासवर्ड याच घराण्यातला. फरक एवढाच की शिब्बोलेथ माणसाला जिभेवरून ओळखत होता. पासवर्ड मात्र तुम्हाला काय ठाऊक आहे तेवढंच बघतो. ज्याला तो शब्द ठाऊक, तो त्या यंत्रापुरता तुम्हीच!

कॉम्प्युटरवर पासवर्ड आला तो 1960च्या दशकाच्या सुरुवातीला, अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये. एकच मोठं यंत्र अनेकजण वापरत होते, म्हणून प्रत्येकाच्या फाइल्स वेगळ्या ठेवायला फर्नांडो कॉर्बाटो यांच्या गटाने ही सोय केली. 1962मध्ये तिथल्याच ॲलन शेर या संशोधकाने सगळ्यांच्या पासवर्डची यादी छापून घेतली, कारण त्याला ठरलेल्यापेक्षा जास्त वेळ कॉम्प्युटर हवा होता.

आपल्या घरातही प्रश्न तोच आहे: यंत्र एक, माणसं अनेक. बहुतेक घरांत खातंही एकच असतं आणि त्याचा पासवर्ड शेजाऱ्यांच्या पोरापर्यंत सगळ्यांना माहीत असतो. वरवर यात काही बिघडत नाही. पण ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड बघायचे तर तो बहुधा विंडोजचाच पासवर्ड किंवा पिन विचारतो. म्हणजे एका शब्दावर वडिलांची बँक, आईचा ईमेल आणि तुमची अर्धी लिहिलेली कविता, सगळं उघडं.

उपाय सोपा आहे. विंडोजमध्ये दोन प्रकारची खाती असतात. 'ॲडमिनिस्ट्रेटर' म्हणजे घराचा कारभारी. तो प्रोग्राम बसवतो, काढतो, इतरांची खाती बदलतो. 'स्टँडर्ड' खात्यातून रोजचं सगळं काम होतं, पण यंत्रात मोठा बदल करायचा झाला की कारभाऱ्याचा पासवर्ड विचारला जातो. चुकून एखादी घातक फाइल उघडली तरी तिचे हात त्यामुळे बरेच बांधलेले राहतात. म्हणून कारभाऱ्याचं खातं वेगळं ठेवावं आणि रोज प्रत्येकाने, स्वतः कारभाऱ्यानेसुद्धा, स्टँडर्ड खातं वापरावं. विंडोज 11मध्ये सेटिंग्ज, मग अकाउंट्स, मग अदर युजर्स इथे नवीन खातं जोडता येतं. एका स्टँडर्ड खात्यातून दुसऱ्याच्या फोल्डरमध्ये डोकावता येत नाही. कारभाऱ्याने ठरवलं तर तो मात्र बघू शकतो, तेव्हा कारभारी कोण हे घरात बोलून ठरवा.

आता शब्द कसा निवडायचा? लांबी महत्त्वाची. एकमेकांशी संबंध नसलेले चार-पाच शब्द घ्या, उदाहरणार्थ फणस, इस्त्री, मंगळवार, तबला (हेच घेऊ नका, आता ते छापून आलेत!). आपल्या संत-आश्रयदात्याचं नाव, जन्मतारीख, प्रसिद्ध कवितेची ओळ नको. ओळखीच्या गोष्टी आधी तपासल्या जातात. दर महिन्याला पासवर्ड बदलायचीही गरज नाही. तो कुणाला कळल्याची शंका आली की लगेच बदला. आणि जागेवरून उठताना विंडोजच्या बटणासोबत 'एल' दाबा, पडदा बंद होतो.

आपल्यासारख्या मराठीत टाइप करणाऱ्यांसाठी एक खास सूचना. पासवर्ड रोमन अक्षरांत ठेवा. बरोबर असूनही तो चालत नसेल तर लॉगिनच्या पडद्यावर खाली कोपऱ्यात कीबोर्डची भाषा बघा. विंडोजचं बटण आणि स्पेसबार एकत्र दाबले की ती बदलते.

शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. गोव्यातल्या कितीतरी घरांत लॅपटॉप सुरू करून देणारा दादा बोटीवर किंवा परदेशी नोकरीला असतो आणि कारभाऱ्याचा पासवर्ड त्याच्याबरोबरच जातो. बऱ्याच नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क कुलूपबंद असते. कधी यंत्र अडून बसलं तर 48 आकडी रिकव्हरी की मागतं आणि ती सहसा लॅपटॉप सुरू करणाऱ्याच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात असते. ती मिळाली नाही, तर पप्पांच्या आवाजातलं रेकॉर्डिंग असो वा बहिणीच्या लग्नाचे फोटो, दुकानदारही काढून देऊ शकत नाही. तेव्हा ही की आणि कारभाऱ्याचा पासवर्ड कागदावर लिहून, घराची कागदपत्रं असतात त्या कपाटात ठेवा. पासवर्ड लिहून ठेवू नये असं आपण ऐकतो, ते मॉनिटरवर चिकटवलेल्या चिठ्ठीबद्दल खरं आहे. कुलपातला कागद हा घरातल्यांसाठीच असतो. दादा सुट्टीवर आला की पहिल्याच आठवड्यात हे काम उरकून घ्या, आणि फोटोंची एक प्रत पेनड्राइव्हवरही काढून ठेवा.