भाचीच्या वहीतल्या कादंबऱ्या

मे महिन्यात धाकट्या बहिणीचा फोन आला. सलाम झाला आणि लगेच म्हणाली, “आपा, पोरीच्या उशीखाली पुस्तक सापडलं.” आवाज असा, की जणू विंचू सापडला. पुस्तक होते मिलिंद बोकील यांची ‘शाळा’. बहिणीने मधलीच दोन पाने वाचली. नववीतला मुलगा, वर्गातली मुलगी, त्याचे तिच्याकडे बघणे. एवढे पुरेसे होते. पुस्तक कपाटात गेले आणि किल्ली बहिणीच्या पर्समध्ये. “तुम्ही टीचर आहात, तुम्हीच समजवा,” असे सांगून तिने मुलीला आठ दिवसांसाठी माझ्याकडे पाठवून दिले.

भाची चौदा वर्षांची, यंदा नववीत जाणार. सेमी-इंग्रजीत शिकते. घरी आमची उर्दू बोलते, पण वाचताना अडखळते. येताना तिने दोन ड्रेस आणि एक दोनशे पानी वही आणली. वाचलेल्या प्रत्येक कादंबरीला त्या वहीत दहापैकी गुण दिलेले होते आणि खाली दोन-चार ओळींचे मत. ही खोड माझ्याकडून आली असावी. समजावण्याची तयारी मी करून ठेवली होती, पण मगरिबनंतर गच्चीवर बसलो की बोलायची तीच, आणि मी ऐकायचे.

भा. रा. भागवतांच्या फास्टर फेणेला सहा गुण. मला वाईट वाटले. फुरसुंगीचा हा बनेश फेणे माझ्या शाळकरी दिवसांतला लाडका, त्याची सायकल आणि ते ‘ट्टॉक’ मी विसरू शकत नाही. भाचीचे म्हणणे असे, की तो जाईल तिथे चोर आणि हेर आधीच येऊन थांबलेले असतात, आणि मुली मात्र कुठे फारशा दिसत नाहीत. “पण चौथी-पाचवीत मी दहा दिले असते,” एवढी सवलत तिने दिली.

प्रकाश नारायण संत यांच्या ‘वनवास’ला नऊ. त्या काही कादंबऱ्या नव्हेत, एकाच मुलाच्या कथा आहेत, हे मी सांगितले. तिने ते कानाआड केले. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणारा लंपन तिला आवडला. का, तर तो बेळगावकडची मराठी बोलतो, कानडी मिसळलेली. “खाला, आपणही असंच बोलतो ना? अर्धं इकडचं, अर्धं तिकडचं. ते पुस्तकात छापलं तरी चालतं?” या प्रश्नावर मी जरा वेळ गप्प बसले. वीस वर्षे मी मुलांच्या वह्यांतले ‘हौ’ आणि ‘नक्को’ लाल शाईने खोडत आले आहे. परीक्षेच्या पेपरात ते खोडावेच लागतात. पण खोडताना मुलाला नेमके काय शिकवतो, याचा विचार मी केला नव्हता.

मग ज्या पुस्तकावरून भांडण झाले त्याची पाळी आली. ‘शाळा’ २००४ साली आली, पुढे तिच्यावर चित्रपटही निघाला. काळ आणीबाणीचा. नववीतला मुकुंद जोशी आपली गोष्ट स्वतः सांगतो: मित्र, मास्तर, घर आणि वर्गातली शिरोडकर. पालकांना आधीच सांगून ठेवते, मुले आपसात जशी बोलतात तशीच भाषा यात आहे, शिव्यांसकट. बहिणीला धक्का बसला यात नवल नाही. भाचीने मात्र आठ गुण दिले होते आणि दोन का कापले याचे कारण वहीत लिहिले होते: “सगळं मुलाच्या डोळ्यांतून आहे. शिरोडकरला काय वाटलं ते कुठेच नाही.”

मी विचारले, “म्हणजे काय?”

ती म्हणाली, “खाला, तो तिच्या मागे मागे जातो, ते त्याला भारी वाटतं. तिला भीती वाटली असेल ना? घरी कळलं तर तिची शाळा बंद होईल, त्याची नाही होणार. आणि शेवटी ती निघून जाते. तिचं पुढे काय झालं?”

ज्या मुलीला या पुस्तकापासून वाचवायचे म्हणून आम्ही दोघी बहिणी धडपडत होतो, ती हे सांगत होती. आई जे समजावून सांगणार होती, ते मुलगी वाचता वाचता स्वतःच समजून बसली होती. पण उशीखाली लपवून वाचल्यामुळे आईला ते सांगायची सोय तिला उरली नव्हती. चोरून वाचणाऱ्या मुलाशी त्या पुस्तकावर बोलायला घरात कोणी नसते, मला वाटते खरे नुकसान तिथे होते. सगळी पुस्तके सगळ्या वयाला चालतात, असे माझे म्हणणे नाही. ‘शाळा’ मी सहावीतल्या मुलीच्या हाती देणार नाही.

डेबोरा एलिस या कॅनेडियन लेखिकेची ‘द ब्रेडविनर’ तिने मराठी भाषांतरात वाचली होती. तालिबानच्या काळातले काबूल. अकरा वर्षांच्या परवानाच्या वडिलांना पकडून नेतात. बायकांना एकटीने बाहेर पडायला बंदी, म्हणून परवाना केस कापून मुलगा होते आणि बाजारात चादर पसरून, वडील करायचे तसे, लोकांची पत्रे वाचून द्यायचे काम करते. घरात ज्याला वाचता येते त्याच्यामुळे चूल पेटते. ‘इक्रा’ या शब्दाने ज्यांच्या दीनची सुरुवात झाली, त्यांना हे चित्र कळायला वेळ लागू नये. परवानाची आई आणि तिच्या सोबतची एक माजी शिक्षिका लपूनछपून मासिक काढायच्या खटपटीत असतात, हा भाग मला फार आवडला.

भाचीचे गुण सात. पुस्तक चांगले आहे, पण तिने ते शाळेत नेले तेव्हा बाकावरच्या मैत्रिणीने विचारले, “तुमच्यात असंच असतं का गं?” मैत्रीण दुष्ट नव्हती, खरेच विचारत होती. भाचीने उत्तर दिले, “माझी खाला टीचर आहे.” आणि मग दिवसभर तिला राग येत राहिला की हे सांगायची वेळ का यावी. मी तिला म्हटले, यात परवानाचा दोष नाही. परवानाचा बापही मुसलमानच आहे, शिकलेला, मुलींना शिकवणारा. अडचण अशी की मैत्रिणीने मुसलमान मुलीचे हे एकच पुस्तक पाहिले होते. दहा पाहिली असती तर तिने तो प्रश्न विचारला नसता.

दहापैकी दहा एकाच पुस्तकाला. तिच्या मामूंनी दुबईहून आणलेले, हेना खान यांचे ‘अमीनाज व्हॉइस’, २०१७ साली अमेरिकेत निघालेले. तिथल्या एका मोठ्या प्रकाशन संस्थेने मुस्लिम मुलांच्या गोष्टींसाठी ‘सलाम रीड्स’ नावाची वेगळी शाखा काढली, तिचे हे पहिले पुस्तक. अमीना मिलवॉकी शहरात राहते, घर पाकिस्तानी. आवाज गोड, पण चारचौघांत तोंड उघडायची भीती. मैत्रीण सूजिन कोरियन, जिला अमेरिकेची नागरिक होताना नाव बदलून घ्यावेसे वाटते आहे. घरी ताया येणार म्हणून धावपळ, कुराण पठणाच्या स्पर्धेची तयारी, आणि मग एके दिवशी मशिदीची नासधूस होते. त्यानंतर शेजारपाजारचे, दुसऱ्या धर्मांचे लोक मदतीला उभे राहतात.

इंग्रजी तिला जड गेले. डिक्शनरी घेऊन महिनाभर वाचत होती. पियानो वाजवणे इस्लामला धरून नाही, असे ताया अमीनाच्या वडिलांना सांगतात आणि अमीना ते ऐकते, त्या पानाचा कोपरा दुमडलेला होता. त्यावर तिने मला गाठले. मी सांगितले, यावर उलेमांमध्ये मतभेद आहेत, आणि मला माहीत असलेल्या दोन्ही बाजू मांडल्या. माझे उत्तर तिला पुरले नाही, पण प्रश्न तिने विचारला याचे मला समाधान आहे. दहा गुणांचे कारण वहीत एकाच ओळीचे होते: “पहिल्यांदा माझ्यासारख्या घरातली मुलगी पुस्तकात भेटली.”

ही मुलगी तिला मिलवॉकीत भेटली. मिरजेत नाही, मालेगावात नाही, महाडमध्ये नाही. मुस्लिम मराठी साहित्य संमेलन १९९० साली सोलापुरात सुरू झाले. तेव्हापासून आपल्या लेखकांनी कविता लिहिल्या, आत्मकथने लिहिली, वैचारिक लेखन पुष्कळ केले. पण भाचीने विचारले, “मराठीत कोणतं वाचू?” तेव्हा मला पटकन एकही कादंबरी सुचली नाही, ज्यात मराठी बोलणारी मुसलमान मुलगी नुसती शाळेत जाते, भावाशी भांडते, रोजा ठेवून दुपारी तीनला घड्याळाकडे बघते. मी स्वतः मराठी शिकवते, त्यामुळे ती लाज माझीही आहे.

शेवटच्या दोन रात्री मी तिला अम्मीच्या पेटीतली डेप्युटी नजीर अहमद यांची ‘मिरातुल उरूस’ उर्दूतून वाचून दाखवली. १८६९ सालची ही कादंबरी उर्दूतल्या अगदी पहिल्या कादंबऱ्यांत मोडते, आणि ती लिहिली गेली ती लेखकाच्या स्वतःच्या मुलींसाठी. मुलींना वाचायला योग्य काही मिळेना, म्हणून बाप थोडे थोडे लिहून देत गेला. पुढे सरकारने तिला हजार रुपयांचे बक्षीस दिले. नॉव्हेल वाचून मुली बिघडतात असे म्हणणाऱ्यांना मी हे नेहमी सांगते.

आळशी अकबरी आणि गुणी असगरी या दोन बहिणींची ती गोष्ट. अकबरीला एक ठग हज्जन गोड बोलून लुबाडते, तिथे भाची हसून लोळली. असगरीबद्दल मत कडक: “ही कधी चुकतच नाही. आमच्या वर्गाची मॉनिटर आहे ही.” तरी असगरी घरात मुलींचा मकतब भरवते, त्या प्रकरणासाठी तिने दोन गुण वाढवून सात केले. मग मी तिला याच लेखकाच्या ‘तौबतुन्नसूह’ची गोष्ट सांगितली. त्यात बाप दीनकडे वळतो, सगळे घर सुधारायला निघतो आणि थोरल्या मुलाची, कलीमची, पुस्तके जाळून टाकतो. मुलींसाठी पुस्तक लिहिणाऱ्याच हाताने हेही लिहिले. भाचीने विचारले, “मग कलीम सुधारला?” नाही. तो घर सोडून जातो, आणि परततो तो मरायलाच.

ती परत गेली त्या दिवशी मी बहिणीला फोन करून एवढेच सांगितले, की कपाटातले पुस्तक तू आधी पूर्ण वाच, मग बोलू. ती चिडली. घरात कामे कमी आहेत का, म्हणाली. मीही मग अब्बांच्या पेटीतून इब्ने सफींच्या कादंबऱ्या काढून आम्ही दोघी पांघरुणात कशा वाचायचो, ते तिला आठवून दिले. तिने फोन ठेवून दिला.

बारा दिवसांनी रात्री अकराला तिचाच फोन आला.

“आपा, भाषा काही ठिकाणी फारच वाईट आहे.”

“आहे,” मी म्हटले.

“आणि तो मुलगा अभ्यास करत नाही.”

“नाही करत.”

थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “पण पोरगी म्हणते ते खरं आहे. शिरोडकरचं पुढे काय झालं, ते लिहायला पाहिजे होतं.”